पुस्तकांच्या पेटीत काय ठेवायचं?

(धायरी इथे झालेल्या गटांच्या मेळाव्यातलं भाषण. नंतर बऱ्याच जणींनी पुस्तकांची नावं पुन्हा विचारली, म्हणून सगळा मजकूर इथे देत आहे. – क्षेत्र समन्वयक)



आज मी कर्जावर बोलणार नाही. बँक लिंकेजवर नाही, थकलेल्या हप्त्यांवर तर अजिबात नाही. हे ऐकून मागच्या दोघी-तिघी चपला शोधायला लागल्यात, त्यांना विनंती आहे, वीस मिनिटं बसा. विषय तुमच्या घरातल्या पोरांचा आहे.

दिवाळीनंतरची गोष्ट. एका गटाची बैठक होती आणि सचिव ताई चष्मा घरी विसरल्या होत्या. त्यांची सातवीतली मुलगी शेजारीच बसली होती. त्या तिला म्हणाल्या, "गेल्या बैठकीचे ठराव तू वाचून दाखव." मुलीनं वही हातात घेतली. पहिली ओळ कशीबशी झाली. दुसऱ्या ओळीत "अंतर्गत" शब्दाशी अडली, तिसऱ्या ओळीत थांबली आणि वही ठेवून बाहेर निघून गेली. कोणी हसलं नाही, पण ती ताई दिवसभर गप्प होती. संध्याकाळी मला म्हणाली, "मॅडम, मार्क तर बरे पडतात हो तिला." ही गोष्ट सांगायची परवानगी मी मायलेकी दोघींकडून घेतली आहे.

मुलीला अक्षरं येतात. प्रश्नोत्तरं पाठ होतात, पेपर सुटतो. पण धड्याबाहेरचं सलग चार पानं वाचायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. त्या घरात गाईड होतं, कॅलेंडर होतं, दुसरं छापलेलं काही नव्हतं. आणि आपल्यातल्या किती घरांत असतं? मीही अशाच घरातून आले आहे, त्यामुळे हे बोलताना मी कोणाला नावं ठेवत नाही.

त्या गटात बारा जणी आहेत. त्यांनी ठरवलं की बचतीबरोबर दर महिन्याला प्रत्येकीनं वीस रुपये वेगळे काढायचे. महिन्याचे 240, वर्षाचे 2,880 रुपये. त्यातून पुस्तकं घ्यायची, एका पत्र्याच्या पेटीत ठेवायची आणि ज्या घरी बैठक त्या घरी पेटी न्यायची.

पहिली खरेदी माझ्यावर सोपवली आणि मी ती पार वाया घालवली. प्रदर्शनात गेले आणि संस्कारकथा, सामान्यज्ञान, थोर पुरुषांची छोटी छोटी चरित्रं, सगळं स्वस्तात मिळालं म्हणून उचलून आणलं. दोन महिन्यांनी पेटी उघडली तर पुस्तकं कोरी करकरीत. एकच पुस्तक फाटलं होतं, कडा दुमडलेल्या, एका पानावर तेलाचा डाग. ते लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक होतं. तेव्हा मला कळलं की काय आणायला हवं होतं.

म्हणून सुरुवात एकदम लहानांपासून करते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला पुस्तक कशाला, असं वाटेल. पण याच वयात पुस्तक हे आईच्या मांडीवर बसून बघायची वस्तू आहे हे त्याला कळतं. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' बघा. राधा नावाची छोटी मुलगी आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते, एवढंच आहे त्यात. राक्षस नाही, राजपुत्र नाही. त्यांचीच 'यश' नावाच्या मुलाची पुस्तकं आहेत, त्यातही घरात रोज घडतं तेच. मुलाला ते आपलंच वाटतं. चित्रंही त्यांनी स्वतः काढली आहेत आणि चित्रात इतकं काही असतं की शब्द न वाचताही गोष्ट सांगता येते.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम म्हटलं. कारण कोणत्याही गटात पुस्तकाचं नाव काढलं की दोन-तीन जणी खाली बघायला लागतात. "आम्हाला कुठं वाचता येतं?" ताई, चित्र तर बघता येतं. "ही बघ आजी, ही काय करते? आपली आजी काय करते?" झालं वाचन. आमच्या एका आजीबाई तर चित्र बघून दर वेळी नवीन गोष्ट सांगतात आणि नात ओरडते, "काल असं नव्हतं!"

माझी आई शाळेत गेलेली नाही. ती भाकरी थापायची आणि मी चुलीपाशी बसून वाचायचे. तिचं एकच सांगणं, मोठ्यानं वाच. एकदा मला खेळायला जायचं होतं म्हणून मी दोन पानं गाळून पुढचं वाचलं. तव्यावरची भाकरी उलटता उलटता ती म्हणाली, "तो तर नदीपलीकडे होता ना, घरी कधी आला?" मी परत मागे गेले. तेव्हा ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ऐकायला बसा. ऐकणारं माणूस असलं की मूल वाचतं.

पहिली ते चौथीच्या मुलांना कविता द्या. विंदा करंदीकरांनी मोठ्यांसाठी लिहिलं तसं मुलांसाठीही भरपूर लिहिलं. 'राणीची बाग' 1961 सालचं आहे आणि अजून पोरं त्यावर खिदळतात. मंगेश पाडगांवकरांच्या बालकविता आहेत. अडखळत वाचणाऱ्या मुलाला यमक फार मदत करतं, पुढचा शब्द आधीच तोंडात येतो. माधुरीताईंनीच संपादित केलेली 'वाचू आनंदे' ही पुस्तकं चांगल्या मराठी लेखकांचे निवडक उतारे आणि कविता एकत्र देतात. ती थोडी महाग वाटतील, पण पेटीत असावीत.

पाचवी-सहावीला मुलं पुस्तकापासून तुटतात, विशेषतः मुलगे. त्यांच्यासाठी माझ्याकडे एक हुकमी नाव आहे, फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे कुठला माहीत आहे ना? आपल्या फुरसुंगीचा! पुण्यात शाळेला येतो, सायकल दामटतो आणि जिथे जाईल तिथे काहीतरी भानगड शोधून काढतो. आपल्याकडची पोरं फुरसुंगीचं नाव वाचलं की सावरून बसतात. त्यावर सिनेमाही आला होता 2017 मध्ये, पण आधी पुस्तक द्या. ना. धों. ताम्हणकरांचा 'गोट्या' आणि दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' याच वयाचे. आणि 'किशोर' मासिक. ते बालभारती 1971 पासून काढते आहे. जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वरही मराठी गोष्टी फुकट आहेत, सोप्यापासून अवघडपर्यंत पायऱ्या लावलेल्या. मोबाईल हातात असतोच, तर त्यातली दहा मिनिटं तिकडे वळवता येतील. पण कागदाचं पुस्तक पेटीत हवंच, कारण मोबाईल बाबा कामावर घेऊन जातात.

'श्यामची आई' बहुतेक जणींना माहीत आहे. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं. जरूर आणा, रोज रात्री एक प्रकरण याप्रमाणे मोठ्यानं वाचा. फक्त एक कृपा करा. "बघ, श्याम आईचं किती ऐकायचा, नाहीतर तू!" असं म्हणू नका. तेवढ्यानं मूल त्या पुस्तकाचं वैरी होतं.

'तोत्तोचान' हे मात्र मुलांआधी तुम्ही वाचा किंवा ऐका. जपानमधल्या एका मुलीची खरी गोष्ट, तिनंच मोठेपणी लिहिलेली. पहिलीतच तिला शाळेतून काढून टाकलं होतं, कारण ती वर्गात खिडकीपाशी उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्र्यांना हाका मारायची. आई तिला दुसऱ्या शाळेत घेऊन जाते. तिथले वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरत. मुख्याध्यापक आईला घरी पाठवतात आणि मुलीला म्हणतात, तुला काय सांगायचं ते सगळं सांग. ती चार तास बोलते. ते चार तास ऐकतात. हे मी एका बैठकीत सांगितलं तेव्हा एक ताई म्हणाली, "माझ्या पोराचं मी चार मिनिटं सलग ऐकलं नसेल." त्या दिवशी कर्जवाटप अर्धा तास उशिरा झालं.

आता मोठी मुलं, आठवीच्या पुढची. इथे आया घाबरतात.

एका ताईला मुलीच्या दप्तरात 'शाळा' कादंबरी सापडली. मिलिंद बोकील यांची, 2004 साली आलेली. नववीतल्या मुलाला वर्गातली मुलगी आवडते, त्याची गोष्ट. ताईंनी पुस्तक काढून घेतलं आणि मला फोन, "तुमच्या पेटीतून हे असलं आलं!" मी म्हटलं, आधी तुम्ही वाचा, मग ठरवू. त्यांना तीन आठवडे लागले. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "यात वाईट काही नाही. पण हे माझ्या पोरीच्या मनात चालू असेल हे मला माहीत नव्हतं." पुस्तक त्यांनी मुलीला परत दिलं. गटातल्या सगळ्यांना ते पटलेलं नाही, दोघी अजून नाराज आहेत, हेही सांगते. माझं मत विचाराल तर या वयात त्या भावना येणारच. त्या चांगल्या लेखकाच्या शब्दांत कळाव्यात की मोबाईलवरच्या कसल्यातरी क्लिपमधून, एवढाच आपल्या हातातला प्रश्न आहे. पाळीविषयी बोलायला जड जात असेल तर 'मेन्स्ट्रुपीडिया' ही चित्रकथा मराठीत मिळते. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला पाळी यायच्या आधीच द्यावी.

शेती करणाऱ्या घरात 'एक होता कार्व्हर' हवंच. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक 1981 साली आलं. अमेरिकेत गुलामाच्या पोटी जन्मलेला मुलगा शिकून वनस्पतिशास्त्रज्ञ होतो आणि कापसानं कस गेलेल्या जमिनीत भुईमूग लावायला शेतकऱ्यांना शिकवतो. हे पुस्तक मुलाआधी बापानं वाचून संपवल्याची दोन घरं मला माहीत आहेत. दहावीत अडकलेल्या मुलासाठी अरुण शेवते यांनी संपादित केलेलं 'नापास मुलांची गोष्ट' आहे. निकालाच्या आधी घरात असलेलं बरं. अकरावी-बारावीच्या मुलींना व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' आणि उर्मिला पवार यांचं 'आयदान' द्या. आयदान म्हणजे बांबूची टोपली, सूप. लेखिकेची आई ते विणून घर चालवायची. ज्या मुलीची आई पापड लाटून किंवा शिलाई करून फी भरते तिला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एका मावशींनी विचारलं होतं, "पुस्तकापेक्षा त्या वीस रुपयांचा पोरांना खाऊ द्या की." मावशी, पुण्यातच जोतिबा आणि सावित्रीबाईंच्या शाळेत मुक्ता साळवे शिकत होती. चौदाव्या वर्षी तिनं आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहिला, तो 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. बक्षीस म्हणून खाऊ द्यायला आलेल्या साहेबाला ती म्हणाली की खाऊ नको, आम्हाला ग्रंथालय द्या, असं सांगतात. आपण तर पेटीच मागतोय.

ती सातवीतली मुलगी? ती अजून अडखळते. फास्टर फेणेचं एक पुस्तक तिनं पूर्ण केलं, दुसरं अर्ध्यावर आहे. कोणी काय नेलं, कधी परत आणलं ही पेटीची वही आता तीच लिहिते, आणि उशीर करणाऱ्याला एक रुपया दंड लावते. तिच्या आईलाही लावला.

ज्या गटांना पेटी सुरू करायची आहे त्यांनी पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवून मला कळवा. वीस रुपये की दहा? तुमच्या गटात कोणत्या वयाची किती मुलं आहेत? आणि चावी कोणाकडे राहणार? यावेळी मी एकटी खरेदीला जाणार नाही. प्रत्येक गटातून एक ताई आणि एक मूल, असे मिळून अप्पा बळवंत चौकात जाऊ. पुस्तक मूल निवडेल, घासाघीस ताई करतील.