नाव सांगायला तयार नसलेली बाई

(स्त्री-गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘जुन्या इटालियन जन्मनोंदींचा अनुवाद’ असं छापलेलं पाहून सकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघींनी मला विचारलं, याचा आपल्याशी काय संबंध? मी म्हटलं, आधी ऐका, मग विचारा.

इटालियन मी शिकले हौसेनं. ती पोटापाण्याला उपयोगी पडली या कागदांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंत इटलीतून लाखो माणसं अमेरिका, अर्जेंटिना, ब्राझीलला गेली. त्यांची पतवंडं आता आपलं मूळ गाव शोधतात. पणजी-पणजोबांच्या जन्माची नोंद त्यांच्या हाती लागते, पण वाचता येत नाही. ती मी इंग्रजीत करून देते.

दक्षिण इटलीत नेपोलियनच्या काळात, १८०९ पासून, सरकारी जन्मनोंदी सुरू झाल्या. सिसिलीत १८२० पासून. देश एक झाल्यावर १८६५ चा नागरी कायदा आला आणि १८६६ पासून बहुतेक सगळीकडे एकच पद्धत झाली. मजकूर ठरावीक असतो. अमुक साली, अमुक वाजता, नगरपालिकेच्या कचेरीत, आमच्यासमोर अमुक हजर झाला, वय इतकं, धंदा शेतमजुरी, आणि त्यानं एक मूल दाखवलं. हो, दाखवलं. बाळ कचेरीत न्यावं लागे, थंडी असो की पाऊस.

काम किचकट आहे. ‘७ब्रे’ लिहिलेलं दिसलं की नवखी अनुवादक जुलै लिहिते. तो असतो सप्टेंबर. ‘सेत्ते’ म्हणजे सात, आणि जुन्या रोमन पंचांगात तो सातवा महिना होता. आजोबाच्या नावाआधी ‘फू’ एवढाच शब्द असतो, त्याचा अर्थ कैलासवासी. तो नजरेतून सुटला की मेलेला माणूस अनुवादात जिवंत होतो. असे मी एक-दोघे जिवंत केले आहेत.

लग्नाच्या बाईचं नाव या नोंदींत माहेरच्या आडनावानिशी येतं. आजही तिथे सरकारी कागदावर बाईचं जन्माचंच आडनाव चालतं. लग्नात स्वतःचं नावसुद्धा बदललेल्या कितीतरी जणी इथे समोर बसल्या आहेत. त्यांना याचं अप्रूप वाटेल. मलाही वाटलं होतं. पण मुलाला आडनाव बापाचंच. ते आपोआप लावणं घटनाबाह्य आहे, असं तिथल्या घटना न्यायालयानं म्हटलं ते थेट २०२२ मध्ये.

आता सुईणीचं बघा. नवरा परगावी किंवा आजारी असला की नोंद द्यायला सुईण जाई. बाळंतपण तिनं केलेलं, बाळाला कचेरीपर्यंत तिनंच उचलून आणलेलं. साक्षीदार मात्र दोन पुरुष. गावातला एखादा चांभार, एखादा न्हावी, ज्यांनी त्या बाळंतपणातलं काहीच पाहिलेलं नसे. बायकांना अशा कागदांवर साक्षीदार होण्याचा हक्क मिळाला तो १८७७ च्या कायद्यानं.

आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका बाईंनी आपल्या पणजीची नोंद पाठवली, १८८० च्या आसपासची. मुलीला सुईणीनं आणलं होतं. आईच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, ‘दोन्ना के नोन कोन्सेन्ते दि एस्सेरे नोमिनाता’. मी घाईत होते. ‘आई अज्ञात’ असं लिहून मोकळी झाले.

त्यांचं पत्र आलं. म्हणजे आमच्या घरात कुजबुजतात ते खरं, पणजी कुणीतरी टाकून दिलेली पोर होती.

मी कागद पुन्हा काढला. अज्ञात कुठे होती ती? शब्दांचा अर्थ आहे, ‘आपलं नाव घेतलं जाण्यास संमती न देणारी बाई’. सुईणीला ती माहीत होती. तिच्या कळा सुईणीनं पाहिल्या होत्या. बाईला नाव होतं, घर होतं, फक्त ते कागदावर यायचं नव्हतं. मी आळसानं एक शब्द वापरला आणि ती होतीच कुठे असं करून टाकलं.

मग त्या ‘संमती’ शब्दाशी मी बरेच दिवस झगडत राहिले. तो तिचा शब्द होता का? १८६५ च्या कायद्यानं मुलाच्या बापाचा शोध घ्यायलाच बंदी होती; अपहरण आणि बलात्कार हे अपवाद. बाईनं कुणाकडे बोट दाखवलं तरी तो मोकळा. मग आपलं नाव लिहून देऊन तिच्या पदरात काय पडणार होतं? याला संमती म्हणायचं की नाइलाज? अनुवादात ‘नाइलाज’ लिहायचा मोह मला झाला, खोटं कशाला बोलू. पण तो कागदावर नव्हता. तेही तिच्या तोंडी माझे शब्द घालणंच झालं असतं.

दुसरी वाट होती ‘रुओता’ची, म्हणजे चाकाची. अनाथालयाच्या भिंतीत लाकडाचं फिरतं पिंप असे. बाहेरून बाळ ठेवायचं, घंटा वाजवायची, आतली बाई पिंप फिरवून बाळ घेई. नोंदीत त्याच्या अंगावरची फडकीसुद्धा एकेक करून लिहिलेली सापडतात. ‘एस्पोसितो’ हे नेपल्सकडचं आडनाव यातूनच आलं. अर्थ, उघड्यावर ठेवलेला. फ्लोरेन्सच्या इन्नोचेन्ती संस्थेनं १४४५ पासून अशी बाळं घेतली. तिथे अर्धी तोडलेली पदकं जपून ठेवली आहेत. एक तुकडा बाळाजवळ, दुसरा आईजवळ. टाकून देणारी बाई तुकडा कशाला जपून ठेवेल?

आणखी एक मेख आहे. १८६६ पासून कायद्यानं खरं लग्न म्हणजे कचेरीतलं. चर्चमधल्या लग्नाला सरकारदरबारी पुन्हा किंमत आली ती १९२९ च्या करारानंतर. मधल्या काळात कितीतरी जोडपी पाद्र्यासमोर लग्न करून संसाराला लागत. मूल झालं की बाप कचेरीत जाऊन ते आपलं म्हणून सांगे आणि कारकून लिही, ‘अविवाहित बाईशी झालेल्या संबंधातून’. बाईचं नाव नाही. साऱ्या गावानं जिचं लग्न पाहिलं, ती कागदावर कुमारी माता. म्हणून अशी नोंद आली की मी आधी कळवते, चर्चची वही पाहा, मग पणजीबद्दल बोला.

त्या बाईंनाही कळवलं, माफी मागून. त्यांनी चर्चची बाप्तिस्म्याची वही मिळवली. आईचं नाव तिथेही नव्हतं. धर्ममाता म्हणून सुईणीचं नाव होतं.

इटलीत आजही बाईला नाव न नोंदवता बाळंत होता येतं. तिची ओळख शंभर वर्षं बंद राहते. मुलांना आई कळायला नको का, यावर वाद झाला. २०१२ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानं इटलीला दोष दिला. २०१३ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं वाट काढली, की मुलानं मागणी केली तर आईला गुपचूप पुन्हा विचारता यावं, अजून नाव झाकायचं आहे का. आपल्यातल्या काहीजणी मुलाच्या बाजूनं बोलतील, काही आईच्या. मला विचाराल तर पुन्हा विचारणं योग्य, आणि ती नाही म्हणाली तर तिथेच थांबणं योग्य.

त्या बाईंनी वंशावळीत पणजीच्या आईच्या चौकटीत आता ते सगळं वाक्य लिहिलं आहे. चौकट लहान होती, अक्षर बारीक काढावं लागलं, असं त्यांनी कळवलं.

माझी वेळ संपली. काही नोंदींच्या झेरॉक्स मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत, नावं झाकून. जेवायच्या सुट्टीत जरूर पाहा. भाषा येत नसली तरी ‘लेवात्रीचे’ हा शब्द शोधा, म्हणजे सुईण. बहुधा वरच्या चार-पाच ओळींतच सापडेल.