नॉर्मंडीचें गुपित

दोघांतील गोष्ट तिसऱ्याच्या कानीं गेली कीं ती षट्कर्णी झाली, आणि षट्कर्णी झालेली गोष्ट गुप्त राहत नाहीं, असें आपले पूर्वज सांगत आले. राजनीतीच्या ग्रंथांपासून घरांतील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यापर्यंत या वचनाला सर्वत्र मान आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धांत एक प्रसंग असा घडला कीं, तेथें सहा नव्हे, तर लक्षावधि कान एका गुपिताभोंवतीं गोळा झाले होते, आणि तरीहि शत्रूला त्याचा थांग शेवटपर्यंत लागला नाहीं. ६ जून १९४४ रोजीं फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतांत दोस्त राष्ट्रांचे सुमारें १ लाख ५६ हजार सैनिक समुद्रमार्गानें आणि आकाशमार्गानें उतरले. लहानमोठीं सुमारें ७ हजार जहाजें त्यांच्या दिमतीस होतीं. एवढा पसारा इंग्लिश खाडीच्या एका कांठावर महिनोन् महिने जमत असतां तो कोठें जाणार हें पलीकडच्या कांठावरील जर्मनांना कळूं नये, हें साधलें कसें? आणि त्याचें मोल कोणीं दिलें?

या योजनेचें मूळ एका पराभवांत आहे. १९ ऑगस्ट १९४२ रोजीं दोस्तांनीं फ्रान्समधील दिएप बंदरावर समोरून छापा घातला. सुमारें ६ हजार सैनिक, त्यांतील बहुतेक कॅनडाचे. आणि कांहीं तासांतच त्यांपैकीं निम्म्याहून अधिक ठार झाले, जखमी झाले किंवा शत्रूच्या हातीं सांपडले. तटबंदी केलेलें बंदर समोरून घेतां येत नाहीं हा धडा फार महाग पडला, पण तो पुरता शिकला गेला. मार्च १९४३ मध्यें ब्रिटिश सेनानी फ्रेडरिक मॉर्गन यांजकडे मोठ्या स्वारीचा आराखडा करण्याचें काम आलें. इंग्लंडहून अवघ्या एकवीस मैलांवरचा कॅलेचा किनारा कोणाच्याहि नजरेंत प्रथम भरावा. परंतु जें दोस्तांना दिसत होतें तें जर्मनांनाहि दिसत होतें. म्हणून सर्वांत बळकट तटबंदी तेथेंच होती. नॉर्मंडी दूर खरी, पण तेथील पुळणी रुंद, पहारा त्या मानानें विरळ, आणि इंग्लंडमधून उडालेलीं लढाऊ विमानें तेथवर पोंचूं शकत. राहिला प्रश्न बंदराचा. एवढ्या सैन्याला अन्न, दारूगोळा आणि तेल बंदरावांचून पुरवावयाचें कसें? उत्तर असें निघालें कीं, बंदर जिंकावयाचें नाहीं, तें बरोबर न्यावयाचें! ऑगस्ट १९४३ मध्यें क्वेबेक येथील परिषदेंत चर्चिल आणि रूझवेल्ट यांनीं या आराखड्याला मान्यता दिली. स्वारीचें सांकेतिक नांव ठरलें ‘ओव्हरलॉर्ड’, आणि कृत्रिम बंदरांचें ‘मलबरी’.

गुपित राखण्याचा पहिला उपाय म्हणजे त्याचे तुकडे करणें. जागा आणि वेळ ठाऊक असणें ज्यांना अवश्यच होतें, अशा अधिकाऱ्यांची एक निराळी यादी होती. त्यांच्या कागदांवर ‘बिगट’ असा शिक्का असे. आणि ज्याचें नांव त्या यादींत नाहीं, तो कितीहि मोठ्या हुद्द्याचा असला तरी त्याला तो कागद पाहावयास मिळत नसे. बाकीच्यांना आपापल्या वांट्याचें काम तेवढें ठाऊक. कृत्रिम बंदरांसाठीं काँक्रीटच्या प्रचंड पेट्या तयार होत होत्या. त्यांतील सर्वांत मोठी २०० फूट लांब, ६० फूट उंच आणि ६ हजार टन वजनाची. हजारों मजूर त्यांवर राबत. पण एखाद्या चाळीएवढी ही पेटी पाण्यावर तरंगवून न्यावयाची आहे कोठें, हें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें.

सामान्य कुटुंबांनींहि नकळत हातभार लावला. १९४२ मध्यें बी. बी. सी. वरून श्रोत्यांना विनंति करण्यांत आली कीं, युद्धापूर्वीं युरोपच्या किनाऱ्यावर सुटी घालविली असल्यास तेथील छायाचित्रें आणि चित्रांचीं कार्डें पाठवावींत. तीं लाखोंनीं आलीं. पाठविणाऱ्याला त्यांत आपलीं मुलेंबाळें दिसत. अधिकाऱ्यांचें लक्ष मात्र मागील भिंत, उतार आणि रस्ता यांवर. विनंति साऱ्याच किनाऱ्याविषयीं असल्यामुळें त्यांतून नेमकी जागा ओळखणें कोणालाहि शक्य नव्हतें. परंतु छायाचित्रांत वाळू दिसते, वाळूखालचें दिसत नाहीं. म्हणून ३१ डिसेंबर १९४३ च्या रात्रीं लोगन स्कॉट-बाउडन आणि ब्रूस ऑग्डन-स्मिथ हे दोघे ब्रिटिश सैनिक थंडगार समुद्रांतून पोहत नॉर्मंडीच्या पुळणीवर गेले. शत्रूच्या पहाऱ्याच्या टप्प्यांत सरपटत त्यांनीं गिरमिटासारख्या हत्यारानें वाळूचे नमुने काढले, नळ्यांत भरले, आणि आले तसे पोहत परतले. खालीं मऊ चिखल असता, तर रणगाडे पाण्याच्या कडेलाच रुतून बसले असते.

दुसरा उपाय याहून धाडसाचा. एवढी तयारी लपवितां येत नाहीं. तेव्हां ती दिसूं द्यावी, पण शत्रूनें तिचा अर्थ चुकीचा लावावा. स्वारी कॅलेवर येणार असें बहुतेक जर्मन सेनाधिकाऱ्यांना मनांतून वाटतच होतें. दोस्तांनीं त्या समजुतीला खतपाणी घातलें. इंग्लंडच्या आग्नेय भागांत एक मोठा सैन्यसमूह जमला आहे असा देखावा उभारला गेला, आणि त्याचा सेनापति म्हणून जॉर्ज पॅटन यांचें नांव पुढें करण्यांत आलें. कापडाच्या आणि नळ्यांच्या खोट्या होड्या, हवा भरलेले रबरी रणगाडे, आणि मुख्यतः सतत चाललेले बिनतारी संदेश. संदेश खरोखरीचे, सैन्य बहुतांशीं कल्पनेंतलें! या नाटकांतील सर्वांत नवलाचें पात्र म्हणजे हुआन पुजोल गार्सिया हे स्पॅनिश गृहस्थ. जर्मन त्यांना आपला हेर समजत. होते ते ब्रिटिशांचे. आपल्या हाताखालीं २७ हस्तक आहेत असें त्यांनीं जर्मनांना पटविलें होतें. त्यांतील एकहि अस्तित्वांत नव्हता. सैन्य उतरल्यानंतर तिसऱ्या दिवशीं त्यांनीं कळविलें कीं, नॉर्मंडी ही केवळ हूल आहे, खरा घाव कॅलेवर पडावयाचा आहे. जर्मनांच्या पंधराव्या सैन्याचा मोठा भाग त्यानंतरहि कित्येक आठवडे कॅलेच्या बाजूसच वाट पाहत राहिला. जर्मनांनीं पुजोल यांना ‘आयर्न क्रॉस’ दिला, आणि त्याच वर्षीं ब्रिटिशांनीं एम. बी. ई. हा किताब!

इतकी दक्षता घेऊनहि जबाबदार माणसांना चैन नव्हतें. एप्रिल १९४४ पासून किनाऱ्यालगतचा दहा मैलांचा पट्टा बाहेरच्या लोकांना बंद झाला. बहुतेक परकी वकिलातींना सांकेतिक संदेश पाठविण्याची मनाई झाली. स्वारी जूनच्या मध्याआधीं होईल असें एका मेजवानींत बोलून गेलेल्या अमेरिकन सेनाधिकाऱ्याला, तो सरसेनापति आयझेनहॉवर यांचा विद्यार्थिदशेंतील सोबती असतांहि, हुद्दा उतरवून मायदेशीं धाडण्यांत आलें. त्यांतच मे महिन्यांत आणि जूनच्या आरंभीं ‘डेली टेलिग्राफ’ पत्रांतील शब्दकोड्यांत उटाह, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबरी, नेपच्यून असे या मसलतींतील एकामागून एक गुप्त शब्द झळकले. कोडीं रचणारे लेनर्ड डॉ हे एक शाळामास्तर. गुप्तचर खात्यानें त्यांची कसून चौकशी केली. निष्पन्न कांहींच झालें नाहीं. पुढें १९८४ मध्यें त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें सांगितलें कीं, मास्तर कोड्याच्या चौकटींत शब्द भरण्याचें काम मुलांना देत, आणि हे शब्द आपण सैनिकांच्या तोंडून ऐकले होते. शिक्के कागदांवर मारतां येतात. मुलांच्या कानांवर कसे मारणार?

येथवरची कथा चातुर्याची झाली. तिला दुसरी बाजू आहे. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यांत स्लॅप्टन येथील पुळण नॉर्मंडीच्या एका पुळणीसारखी होती, म्हणून सैन्याच्या तालमीसाठीं तो भाग मोकळा करण्याचें ठरलें. १९४३ च्या अखेरीस आसपासच्या गांवांतील सुमारें ३ हजार माणसांना थोड्या आठवड्यांत घरदार, गुरेंढोरें आणि शेतें आवरून निघावें लागलें. ही तालीम कोणत्या किनाऱ्यासाठीं, हें त्यांना सांगणें शक्य नव्हतें. पुढें २८ एप्रिल १९४४ च्या पहाटेपूर्वीं तालमीसाठीं निघालेल्या जहाजांच्या तांड्यावर जर्मनांच्या वेगवान टॉर्पेडो होड्या अचानक तुटून पडल्या. रक्षणासाठीं नेमलेली एक युद्धनौका दुरुस्तीसाठीं बंदरांतच राहिली होती. बिनतारी यंत्रांच्या लहरी जुळल्या नव्हत्या, म्हणून धोक्याची सूचना वेळेवर पोंचली नाहीं. सुमारें ७४९ अमेरिकन सैनिक आणि खलाशी मृत्यु पावले.

प्रेतें मोजलीं जात असतां वरिष्ठांना एका निराळ्याच चिंतेनें ग्रासलें. बेपत्ता झालेल्यांत ‘बिगट’ यादींतील दहा अधिकारी होते. एकजण जरी जिवंत शत्रूच्या हातीं लागला असेल तर सारी मसलत फुटली! दहांचींहि प्रेतें सांपडलीं तेव्हां सुटकेचा निःश्वास टाकला गेला. युद्धाचें शास्त्र माणसाला कोठें नेऊन उभें करतें, हें या एका निःश्वासांत दिसतें. वांचलेल्यांना या घटनेविषयीं अवाक्षर न काढण्याची सक्त ताकीद मिळाली. स्वारी पार पडल्यावर आंकडे जाहीर झाले. पण विजयाच्या बातम्यांच्या गर्दींत ते कोणाच्या लक्षांत राहिले? पुष्कळांनीं तें मौन पुढें कितीएक वर्षें पाळलें. समुद्रांतून काढलेला एक रणगाडा या मृतांचें स्मारक म्हणून जवळच्या टॉरक्रॉस गांवीं उभा राहिला, तो १९८४ मध्यें. फ्रान्समध्येंहि तेंच. नॉर्मंडीचा संशय येऊं नये म्हणून कॅलेच्या बाजूसहि जाणूनबुजून बाँब टाकण्यांत आले. आणि बाँब पडतो तेथें केवळ शत्रूच मरत नाहीं.

गुपित फुटलें असतें तर नॉर्मंडीच्या पुळणींवर याच्या कितीतरी पटीनें माणसें मेलीं असतीं, हें निर्विवाद आहे. म्हणून तें राखणें योग्यच होतें. परंतु ज्यांनीं तें आपल्या घरादारानें आणि प्राणानें राखलें, त्यांतील बहुतेकांना आपण काय राखीत आहों हें ठाऊक नव्हतें. इतरांकडून असें मौन मागण्याचा अधिकार कोणाला? याचें उत्तर एका लहानशा चिठ्ठींत आहे. वादळी हवेमुळें ५ जूनचा बेत एक दिवस पुढें ढकलल्यावर, स्वारीच्या आदल्या दिवशीं आयझेनहॉवर यांनीं स्वतःच्या हातानें चार ओळी लिहून खिशांत ठेवल्या. स्वारी फसली तर प्रसिद्ध करावयाचें तें निवेदन होतें. सैनिकांनीं आपलें कर्तव्य पुरेपूर बजावलें. दोष असेल तर तो एकट्या माझा, असा त्याचा आशय. ती चिठ्ठी वाचण्याची वेळ आली नाहीं. पण ज्याच्या खिशांत अशी चिठ्ठी तयार आहे, त्यानेंच दुसऱ्यांना तोंड मिटून राहावयास सांगावें.