तपासणीची वाट अडते कुठे



गडचिरोली शहरापासून भामरागड पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की हे तालुक्याचं गाव जगापासून तुटतं, असं वर्षानुवर्षं घडत आलं आहे. तालुक्याच्या गावाची ही गत, तर त्याच्याही पलीकडे जंगलात असलेल्या माडिया आदिवासींच्या गावांचं काय होत असेल! समजा, अशा एखाद्या गावातल्या चाळिशीच्या बाईला निरोप आला, की मंगळवारी रुग्णालयात शिबिर आहे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करून घे. तिला काही दुखत नाही, खुपत नाही. शेतात धानाची रोवणी चालू आहे. रोवणी नसेल तेव्हा मोहफुलं वेचायची असतात, मोह संपला की तेंदूपत्ता सुरू होतो, आणि रोख पैसा हातात पडण्याचे वर्षातले मोजके दिवस तेच. शिवाय त्या मंगळवारी तिची पाळी असेल, तर ती कुर्माघरात, म्हणजे पाळीतल्या बायकांसाठीच्या वेगळ्या झोपडीत, बसलेली असणार. पाळीत ही तपासणी तशीही करत नाहीत. शिबिर होऊन जातं. वहीत तिच्या नावापुढे शेरा पडतो: आली नाही.

त्या दोन शब्दांत सगळा दोष तिच्या पदरात पडतो. आजचं हे भाषण त्या शेऱ्याबद्दल आहे.

बायका ज्याला पिशवीचं तोंड म्हणतात, तिथे होणारा हा कर्करोग. त्याच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. तो शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक जणींच्या शरीरातून आपोआप निघूनही जातो. थोड्या जणींच्या बाबतीत मात्र तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो, पेशी हळूहळू बदलत जातात आणि कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. इतकी सवड देणारे कर्करोग फार थोडे. या काळात पेशींतला बदल सापडला, तर बहुतेकदा काही मिनिटांच्या उपचाराने तो भाग नष्ट करता येतो आणि बाई त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी जाते. असं असूनही २०२२ या एका वर्षात भारतात या रोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण आढळल्या आणि ७९ हजारांहून अधिक मृत्यू झाले, असा अंदाज आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं, ही तपासणी तुम्ही कधी करून घेतली आहे का? हो म्हणणाऱ्या देशभरात १.९ टक्के निघाल्या. म्हणजे शंभरात दोघीसुद्धा नाहीत. शहरातली, हाताशी दवाखाना असलेली बाई धरून हा आकडा आहे. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आदिवासींची संख्या १ कोटी ५ लाख होती, त्यातल्या निम्म्या स्त्रिया. सातपुड्यात, मेळघाटात, जव्हार-मोखाड्यात, गडचिरोलीत राहणाऱ्या त्या स्त्रिया या शंभरातल्या दोघींमध्ये किती असतील, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

बाया लाजतात, अडाणी आहेत, भगताकडे जातात, असं सर्रास म्हटलं जातं. लाज असते, हे खरं. पण लाजेपाशीच बोलणं थांबवलं तर बाकीचं सगळं झाकलं जातं.

गडचिरोलीनेच हे फार पूर्वी दाखवून दिलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला आणि जगभरच्या डॉक्टरांना धक्का बसला. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. सरासरी काढली तर एकेकीला तीनाहून अधिक. आणि यापूर्वी कधी तरी अंतर्गत तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. धुपणी, ओटीपोटात दुखणं, अंगावर जास्त जाणं हे सगळं बाईच्या जन्माला चिकटलेलंच आहे, असं समजून त्या जगत होत्या. हे दुखणं घेऊन जावं असं ठिकाण आणि ज्याच्याशी बोलावं असं माणूस त्यांच्या आवाक्यात नव्हतं. मात्र स्त्री डॉक्टर गावात आली, तिने आधी ऐकून घेतलं, तेव्हा याच स्त्रियांनी तपासून घेतलं. राणी बंग यांनी पुढे ‘कानोसा’ या पुस्तकात गडचिरोलीच्या बायकांचं हे जग मराठी वाचकांपुढे ठेवलं.

याच डॉक्टर दांपत्याच्या दवाखान्याची गोष्ट बोलकी आहे. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे बंग दांपत्याने त्यांनाच विचारलं. उत्तरं मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांतही शिकवावीत अशी होती. इमारती एवढ्या मोठ्या की आत शिरायची भीती वाटते. रोग्याबरोबर घरच्यांना राहू देत नाहीत. डॉक्टर आणि नर्सा पांढरे कपडे घालतात. आमच्यात मेलेल्या माणसाला पांढऱ्या कापडात गुंडाळतात. आणि तुमच्या दवाखान्यात देव कुठे आहे? मग दवाखाना बांधला तो गावासारखा, झोपड्यांचा, घरच्या माणसांना सोबत राहता येईल असा. नाव दिलं दंतेश्वरी देवीचं. एवढा साधा प्रश्न विचारायला इतरांची अडचण काय होती, हे खरोखर समजत नाही.

आता तपासणीच्या टेबलावर काय होतं ते पाहू. बाईला कमरेखालचे कपडे काढून पाय फाकवून झोपायचं असतं. स्पेक्युलम नावाचं थंडगार धातूचं उपकरण आत जातं. दार नीट लागत नसेल, पडद्याऐवजी चादर टांगलेली असेल, तपासणारा पुरुष असेल, आणि जे चाललं आहे ते मराठीत सांगितलं जात असताना बाईला गोंडी, कोरकू किंवा पावरी तेवढी कळत असेल, तर ती घाबरेल नाही तर काय? ‘कर्करोग’ या शब्दाला तिच्या भाषेत नेमका शब्द नसला, की तिच्या कानावर फक्त ‘मोठा रोग’ पडतो. काहीच होत नसताना मोठा रोग शोधायला जाणं तिला अपशकुनासारखं वाटलं, तर त्यात अडाणीपणा नाही. रोग लवकर सापडला तर बरा होतो, हे तिने डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाही. तिने पाहिलं आहे ते एवढंच, की दुखणं घेऊन शहरात गेलेली शेजारीण परतली नाही.

आणखी एक भीती आहे आणि ती निराधार नाही. तपासायला गेलं की पिशवी काढतात! २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांची शासकीय पाहणी झाली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. साध्या तक्रारीसाठी गेलेल्या कितीतरी बायकांना कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रियेला उभं केलं गेलं होतं. ऊसतोडीला नंदुरबारकडच्या भिल्ल बायकाही जातात. फडावरच्या कोपीत कळलेली गोष्ट सातपुड्यात पोचायला वेळ लागत नाही.

विश्वास कसा उडतो, याचं दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या आणि आताच्या तेलंगणातल्या खम्मम जिल्ह्यात २००९ मध्ये १० ते १४ वर्षांच्या सुमारे १४ हजार मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यांत आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. संमतिपत्रांवर अनेक ठिकाणी आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध असल्याचं चौकशीत दिसलं नाही. पण २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने संमतीच्या या प्रकारावर कडक शब्दांत ठपका ठेवला. लस चांगली होती आणि आहे. तरीही ज्या बापाला न विचारता त्याच्या लेकीच्या दंडात सुई गेली, त्याच्या घरातली बाई पुढे तपासणीच्या शिबिराला का येईल?

विचारलं, नीट समजावलं, सोय गावात नेली, तर बायका येतात. याचा जगाला पटलेला पुरावा मराठवाड्याने दिला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून टाटा रुग्णालय आणि बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय यांनी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांबरोबर मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रिया त्यात होत्या. आरोग्य कार्यकर्त्या घरोघर गेल्या. एचपीव्हीची चाचणी देऊ केलेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी दर दहांत जवळपास आठ जणींनी ती करून घेतली. आठ वर्षांनंतर हिशेब केला, तेव्हा या गटातल्या ३४ स्त्रिया या रोगाने गेल्या होत्या. ज्यांना फक्त नेहमीच्या सेवा होत्या, त्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटातल्या ६४ गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. त्या ६४ जणींना तपासणीवाचून ठेवणं योग्य होतं का, हा प्रश्न पुढे जगभर विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा होता. पण पुढे अनेक देशांनी पेशी तपासण्याची जुनी पॅप तपासणी मागे ठेवून एचपीव्ही चाचणी पुढे आणली, त्यामागे धाराशिवच्या या बायका आहेत, हेही विसरता कामा नये.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयानेच आणखी एक गोष्ट सिद्ध केली. डॉक्टर नसलेल्या, त्याच वस्त्यांतल्या शिकलेल्या मुलींना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून तपासणी करवली. पद्धत अगदी स्वस्त. सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं द्रावण, पिशवीच्या तोंडाला लावायचं आणि मिनिटभर थांबून पाहायचं. पांढरा चट्टा उठला तर पुढे पाठवायचं. दर दोन वर्षांनी हे केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. मग कोरकू किंवा माडिया बोलणारी, गावातलीच मुलगी हे काम शिकू शकणार नाही, असं कोण म्हणेल?

न्यूझीलंडमधल्या माओरी स्त्रियांची कहाणीही हेच सांगते. देश श्रीमंत, दवाखाने चकचकीत, तरी माओरी स्त्रिया या रोगाने इतरांपेक्षा खूप अधिक मरत आल्या आहेत. त्यांच्या भाषेत गर्भाशयाला ‘ते फारे तांगाता’ म्हणतात, म्हणजे माणसांचं घर. अशा घराचं दार परक्याने, घाईघाईत, उपकरण घालून उघडावं, हे त्यांना मान्य नव्हतं. तालेई मॉरिसन ही रोटोरुआची कलावंत स्वतः या रोगाने आजारी पडली आणि माओरी नृत्याच्या मेळ्यांतून बायकांना तपासणीसाठी हाक देत राहिली. २०१८ मध्ये ती गेली. सप्टेंबर २०२३ पासून त्या देशात स्त्रीला स्वतःच एका बोळ्याने नमुना घेता येतो. टेबलावर झोपावं लागत नाही, कुणापुढे उघडं व्हावं लागत नाही. माओरी स्त्रियांसाठी ही तपासणी मोफत केली आहे. आपल्या दुर्गम गावांत असा बोळा आशाताईच्या पिशवीतून घरोघर जाऊ शकतो. तो गोळा करून प्रयोगशाळेत नेण्याची आणि निकाल परत पोचवण्याची यंत्रणा तेवढी उभी करावी लागेल.

निकाल पोचवणं आणि पुढचा उपचार, इथे मात्र फार सांभाळायला हवं. ‘काहीतरी सापडलंय, जिल्ह्याला जा’ एवढं सांगून बाईला सोडून देणं हे न तपासण्यापेक्षाही क्रूर आहे. एसटीचं भाडं, सोबत कोण येणार, लेकरांना कोण पाहणार, बुडालेली मजुरी कोण देणार, हे तिचे प्रश्न आहेत. शक्य असेल तिथे त्याच बैठकीत उपचार झाला, तर तिच्या चार खेपा वाचतात. जिथे नागपूरलाच जावं लागतं, तिथे तिच्या भाषेतलं एक माणूस शेवटपर्यंत बरोबर हवं.

ज्या भगिनी हे ऐकत आहेत, त्यांना एवढंच सांगायचं आहे. संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी नसताना मधेच जात असेल, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा अंगावर जाऊ लागलं असेल, किंवा घाण वासाचं पाणी जात असेल, तर शिबिराची वाट पाहू नका, जवळच्या आरोग्य केंद्रात लगेच दाखवा. काही त्रास नसेल, तरी तिशी ओलांडली की तपासणी मागून घ्या. आणि शिबिरं भरवणाऱ्या सरपंचांना, डॉक्टरांना, आरोग्यसेविकांना विनंती आहे: तारीख ठरवण्याआधी एक संध्याकाळ गावातल्या बायकांमध्ये जाऊन बसा. रोवणी कधी आहे, बाजाराचा वार कोणता, तपासायला कोण आलेलं चालेल, जागा कोणती हवी, हे त्यांच्याकडून ऐका आणि मगच तारीख लिहा.