जुनं इंजिन, ओहोटीचं पाणी

आमची होडी अठरा फुटी, शिडाची. तिघा मित्रांनी वर्गणी काढून घेतलेली. बेलापूरच्या खाडीत दिवाळे कोळीवाड्याच्या आसपास ती नांगरून असते. होडीला इंजिन नको, शीड आणि दोन वल्ही पुरेत, असा आमचा बाणा होता. तो बाणा एका कोजागरीला चिखलात रुतला.

पौर्णिमेचा दिवस. कोळ्यांचा साधा हिशेब असा की तिथीला तिनाने गुणून चाराने भागलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. हिशेब पाठ होता, तरी आम्ही रेंगाळलो. सकाळचा मतलई वारा पडला आणि दुपारचा खारा वारा काही उठेना. उधाणाची ओहोटी आम्हाला बेलापूरपासून दूर ओढू लागली. वल्ही मारून मारून हाताला फोड आले. तीनच्या सुमारास होडी तिवरांच्या कडेला गाळात बसली. बरोबर मित्राची आठ वर्षांची नात होती आणि पाण्याची एकच बाटली. उतरून चालत जावं, तर गाळ मांडीच्या वर. पुन्हा पाणी चढून होडी तरंगली तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. चंद्र सुरेख होता, पण त्याच्याकडे बघायची आमच्यापैकी कुणाला हिंमत नव्हती. पोरीची आई धक्क्यावर उभी होती. ती एक शब्द बोलली नाही, हे जास्त लागलं.

तेव्हा इंजिन घ्यायचं ठरलं. नवं परवडणारं नव्हतं, म्हणून जुनं.

पाहण्यात दोन आली. एक इंग्रजी ब्रिटिश सीगल. १९३१ पासून ही इंजिनं बनत होती. उघडं चाक, त्याला दोरी गुंडाळायची आणि ओढायची. इतकं साधं यंत्र की पाहताक्षणी प्रेमात पडावं. मी पडलोच. दुसरं जपानी, १९८० च्या दशकातलं, पाच हॉर्सपॉवरचं, रंग उडालेलं, दिसायला अगदी ओबडधोबड.

इथे एक गैरसमज दूर करतो. जास्त ताकद म्हणजे जास्त वेग, हे शिडाच्या होडीला लागू नाही. तिचा वेग पाण्यातल्या लांबीवर ठरतो. ही लांबी सोळा फूट असेल, तर साधारण साडेपाच नॉटच्या पुढे ती जात नाही. वर कितीही घोडे जुंपा, होडी नुसती मागे दबते आणि पेट्रोल जळतं. आम्हाला पाच पुष्कळ होते. महत्त्वाची होती दांड्याची लांबी. आखूड दांडा पंधरा इंचांचा, लांब वीस इंचांचा. लाटेवर होडीची मागची बाजू उचलली गेली की आखूड दांड्याचा पंखा हवेतच फिरतो.

मग तपासणी. दोरी ओढताना हाताला चांगला विरोध जाणवला पाहिजे. सैल गेली तर सिलिंडर झिजलेला समजा. खालच्या गिअरचं तेल दुधासारखं पांढरं दिसलं तर आत पाणी शिरतंय. इंजिन सुरू केल्यावर थंड करणाऱ्या पाण्याची धार बाहेर पडलीच पाहिजे. आपल्या खाडीच्या गढूळ पाण्यात रबरी पंपाची पाती लवकर झिजतात.

सीगल या परीक्षेत नापास नव्हती. पण त्या जुन्या नमुन्याला दहा भाग पेट्रोलला एक भाग ऑइल लागतं. तो धूर आणि तो तवंग तिवरांत सोडायचा? शिवाय तिला न्यूट्रल नव्हता. इंजिन लागलं की होडी सुटलीच. धक्क्याजवळ, कोळ्यांच्या जाळ्यांमध्ये, हे परवडणारं नव्हतं. तिचा नाद सोडताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

जपानी घेतलं. पन्नासास एक मिश्रण, पाच लिटरला शंभर मिलिलिटर ऑइल. मात्र एक अडचण त्या वेळच्या कारखान्याला ठाऊक नसलेली. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं, २०२५ पर्यंत ते देशभर झालं. इथेनॉल पाणी शोषतं आणि जुनं रबर खातं. म्हणून नळ्या आधी बदलल्या. आता प्रत्येक फेरीनंतर कार्ब्युरेटर रिकामा करतो, गोड्या पाण्यात इंजिन फिरवतो, आणि पेट्रोल पुढच्या आठवड्यासाठी ठेवत नाही. पंख्याची पितळी खीळही दोन जादा बाळगतो. पंख्यात प्लास्टिकची पिशवी किंवा जाळ्याचा तुकडा अडकला की ती मोडते. मोडते म्हणूनच गिअर वाचतो.

चाचणीच्या दिवशी मुद्दाम ओहोटीलाच निघालो. पाण्याविरुद्ध होडी सावकाश, पण सरळ दिवाळ्याकडे चालत राहिली. पुढे नात बसली होती, लाइफ जॅकेट घालून. बरोबर पाण्याच्या चार बाटल्या होत्या. त्या तिनेच भरून आणल्या होत्या.