अंगातलं रगत



जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचं नाव महाराष्ट्राला कळलं ते दुःखातून. १९९२-९३ साली तिथं शंभराहून अधिक बालकं कुपोषणानं दगावली. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला २०१४ साली. त्या बालमृत्यूंनंतर आपण मुलांच्या वजनाकडे अधिक लक्ष देऊ लागलो, हे चांगलंच झालं. पण मुलाचा अशक्तपणा पुष्कळदा जन्माआधीच सुरू होतो. शेवटच्या महिन्यांत पोटातलं बाळ आईच्या रक्तातून लोह घेतं आणि जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांची शिदोरी बांधतं. आईच्याच अंगात रक्त कमी असेल तर ही शिदोरी अपुरी पडते. बाळ कमी वजनाचं होतं, कधी दिवस भरण्याआधीच जन्मतं. म्हणून आज मला आईच्या रक्ताविषयी बोलायचं आहे.

पाड्यावरच्या बाया सांगतात, चढण चढताना दम लागतो, उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते, हातपाय गळतात. कुणाला माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. आणि सांगून झालं की लगेच म्हणतात, 'बाईमाणसाला एवढं व्हायचंच.' नाही, बायांनो. हा आजार आहे. त्याला रक्तक्षय किंवा ॲनिमिया म्हणतात, आणि बहुतेक वेळा तो बरा होतो.

रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आकडा बाईमाणसात १२ च्या खाली नसावा, गरोदरपणी ११ च्या खाली नसावा. गरोदर बाईचा आकडा ७ च्या खाली गेला तर घरी थांबूच नका, तिला रुग्णालयात न्या. बाळंतपणात थोडं रक्त जातंच. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला तेवढंही सोसत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त.

हे रक्त जातं कुठं? मासिक पाळीत जातं, लागोपाठच्या बाळंतपणांत जातं, हिवतापात जातं. भातलावणीला अनवाणी चिखलात उभं राहावं लागतं, आणि उघड्यावर शौचाला बसण्यामुळं मातीत वाढलेले अंकुशकृमी तळपायातून अंगात शिरतात. ते आतड्याला चिकटून रक्त पितात. म्हणून पायात चप्पल असावी, शौचालय वापरावं आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्यानं जंताची गोळी घ्यावी. आणखी एक कारण आपल्या घरातच आहे. सगळ्यांचं जेवण उरकल्यावर तव्यावर आणि भांड्यात जे उरेल, ते घरातल्या बाईच्या वाट्याला येतं.

रक्त वाढवणारं अन्न आपल्या रानात आणि शेतात आहे. नागली, कुळीथ, शेवग्याचा पाला, माठ, पावसाळ्यातला टाकळा, ओढ्यातल्या चिंबोऱ्या, सुकी मासळी. सोबत लिंबू, आवळा किंवा करवंद असेल तर या अन्नातलं लोह अंगी जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं. चहा तासाभरानं घ्या. आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना चौरस जेवण मिळतं. ते त्यांच्याच पोटात जायला हवं.

मात्र रक्त उतरलेलं असेल तर नुसत्या जेवणानं भागत नाही. गरोदरपणी लोहाची लाल गोळी निदान १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस घ्यायची असते. गोळीनं बाळ फार मोठं होतं, बाळंतपण अडतं, ही भीती खोटी आहे. शौचाला काळं होतं, त्यानं घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. गोळ्या नीट घेऊनही आकडा वाढत नसेल, किंवा सांधे सारखे दुखत असतील, तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. हा आजार आईबापांकडून मुलांत येतो. त्यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत.

दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं जगायला बाहेर पडतात, वीटभट्टीवर, बांधकामावर. अंगणवाडी मागं राहते, गोळ्या मागं राहतात. गाडीत बसण्याआधी आशाताईंना भेटा. पुढच्या महिन्यांच्या गोळ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड बिऱ्हाडाबरोबर बांधून घ्या. जिथं उतराल तिथल्या सरकारी दवाखान्यात ते कार्ड दाखवा.

आता घरातल्या दादांना आणि सासूबाईंना विनंती. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी पाण्याचे हंडे दुसऱ्या कुणीतरी आणा आणि तिला तपासणीला पाठवा. ती परत आली की पहिला प्रश्न विचारा, 'रक्ताचा आकडा किती आला?' तो आकडा सगळ्या घरानं लक्षात ठेवा. आणि त्या रात्री पहिलं ताट तिला वाढा.