फुटाला इंच

मुक्ताईनगरहून बोलतो आहोत. बचत गटाच्या बायका म्हटल्या की पापड, शेवया, केळीचे वेफर्स असं काहीतरी ऐकायला मिळणार, अशी तुमची तयारी असेल. आज आम्ही विमानाचं सांगणार आहोत. महायुद्धातलं चार इंजिनांचं बॉम्बर विमान. ते आमच्या गटातल्या नऊ जणींनी समाजमंदिराच्या ओट्यावर बसून, बांबू आणि केळीच्या खोक्यांचा पुठ्ठा वापरून तयार केलं. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ फूट दोन इंच.

आषाढी होऊन पंधरा दिवस झाले होते. जवळच्या एका गणेश मंडळाची पोरं आली. आदल्या वर्षी त्यांच्या आरासीसाठी आम्ही कापडी फुलं करून दिली होती. या वर्षी त्यांना युद्धाचा देखावा हवा होता. बाजारात तयार मिळतं ते विमान खेळण्याएवढं, आणि मोठं करून घ्यायला जळगावला सांगितलेला भाव त्यांना झेपेना. "काकू, तुम्ही कराल का? पंधरा हजार देऊ." आमच्यातली एक पटकन हो म्हणाली. बाकीच्या आठ जणी तिच्याकडे बघतच राहिल्या.

हो म्हणण्यामागे एक कारण होतं. तिचे सासरे, आम्ही सगळ्या त्यांना आबा म्हणतो, तरुणपणी हवाई दलात फिटर होते. पुण्याला लोहगावच्या तळावर त्यांनी याच विमानांची देखभाल केली. विमानाचं नाव लिबरेटर. आता आबांना काल काय जेवले ते आठवत नाही. पण लिबरेटर म्हटलं की खाटेवर उठून बसतात.

या विमानाची हकिगत ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशी अठरा हजारांच्या वर विमानं बांधली. मिशिगन राज्यात फोर्ड मोटार कंपनीचा विलो रन नावाचा कारखाना होता. १९४४ साली तिथून साधारण तासाला एक विमान बाहेर पडायचं. एका विमानाला तीन लाखांच्या वर रिव्हेट लागायचे, आणि ते ठोकणाऱ्यांत हजारो बायका होत्या. हे कळल्यावर ओट्यावरच्या आमच्या बसण्याला जरा वजन आलं, खोटं कशाला बोला.

युद्ध संपलं. इंग्रजांनी इथली बरीच लिबरेटर कानपूरला चकेरीच्या मैदानात टाकून दिली, आणि पुन्हा कुणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून मोडतोड करून टाकली. स्वातंत्र्यानंतर आपल्या हवाई दलाला बॉम्बर हवे होते. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या भंगारात हात घातला. हा कारखाना १९४० साली आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेला. याचं चाक त्याला, त्याचं इंजिन याला असं करत एकेक विमान उडण्यापुरतं उभं केलं, आणि जमशेद मुन्शी नावाच्या वैमानिकाने ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. तिथे पुरी दुरुस्ती झाली. अशी चाळीसच्या वर विमानं निघाली. १९४८च्या नोव्हेंबरात हवाई दलाची पहिली लिबरेटर तुकडी उभी राहिली. पुढे ही विमानं समुद्रावर नजर ठेवण्याच्या कामी आली आणि १९६८ अखेर निवृत्त झाली. त्यातलं एक दिल्लीला पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात आहे. आणि गंमत अशी, इंग्लंड-अमेरिकेतल्या संग्रहालयांनी नंतर लिबरेटर मागितली ती आपल्याकडूनच. ज्यांनी मोडून टाकली, त्यांच्या देशातही आज आपलं दुरुस्त केलेलं एक उभं आहे.

तर असं विमान आम्हाला करायचं होतं. माप ठरवताना फार डोकं चालवावं लागलं नाही. खरं विमान पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत एकशे दहा फूट, लांबी सदुसष्ट, उंची अठरा. एक फुटाला एक इंच धरला की एकशे दहा इंच, सदुसष्ट इंच, अठरा इंच. शिवणाची टेप घेतली की हिशोब संपला. सहा फुटी माणूस म्हणजे सहा इंचाची बाहुली. पण आकार उतरवायचा कसा? मंडळातल्या एका मुलाने वरून, बाजूने आणि समोरून काढलेलं विमानाचं चित्र छापून आणलं. त्यावर पट्टीने चौकटी आखल्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या करून फरशीवर खडूने मारल्या, आणि ठिपक्यांची रांगोळी काढतो तसं एकेक रेघ या चौकटीतून त्या चौकटीत नेली. रात्री फरशीवर अख्खं विमान पडलेलं दिसलं तेव्हा दोघी-तिघी नुसत्या त्याच्याभोवती फिरत होत्या.

धडाचं काम सोपं गेलं. हे विमान काही देखणं नाही, भुसावळच्या यार्डातल्या मालडब्यासारखं सरळ चपट्या बाजूंचं आहे. पुठ्ठ्याचे सोळा आडवे छेद कापले, ओळीने उभे केले, त्यांच्या खाचांतून बांबूच्या कामट्या लांबीने नेल्या आणि वरून पुठ्ठ्याची कातडी चढवली. अडलं ते नाकाशी. नाक गोल, आणि पुठ्ठा एकाच दिशेने वळतो, दोन दिशांना वळायला लागला की सुरकुततो. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी ब्लाउज शिवणारी मैत्रीण म्हणाली, "अगं, ही तर कटोरी आहे." तिने पुठ्ठ्याला टक्स मारले. जिथे फुगा हवा तिथे त्रिकोणी चिरा काढून कडा जुळवल्या, वर खळीत भिजवलेला कागद बसवला. नाक असं बसलं की जणू कुंभाराने केलं.

खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विष आहे, भांडं वेगळं ठेवा आणि पोरांना जवळ येऊ देऊ नका, हे मुद्दाम सांगतो.

रिव्हेटच्या ओळी दाखवायला आधी करंजीचं कातणं फिरवून पाहिलं. नागमोडी शेवया उमटल्या, पुष्कळ हसलो. मग शिवणातलं ट्रेसिंग व्हील ओल्या कागदावर मागच्या बाजूने फिरवलं. सुकल्यावर पुढे बारीक उंचवट्यांची रांग आली. बंदुकीच्या काचेच्या घुमट्या थंड पेयांच्या बाटल्यांच्या बुडापासून केल्या. पंखे फिरवायला गावातल्या वायरमनने जुन्या टेपरेकॉर्डरच्या चार मोटारी बसवून दिल्या.

इंजिनांसाठी आम्ही पत्र्याचे चार गोल डबे जमवले होते. आबांना रिक्षातून आणलं, समोर बसवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काठीने डब्याला टोचून म्हणाले, "हे का करून राह्यल्या वं? हे गोल नाही. अंडं पाहिलं का, अंडं? आडवं अंडं." चित्रात पाहिलं तर खरंच, लिबरेटरच्या इंजिनाचं तोंड लंबगोल. चारही डबे चेपले. त्या दिवशी आबा घरी जाऊन दोन वाट्या खिचडी जेवले, असं सून सांगत होती.

आता चूक सांगतो. पंखाचा कणा आम्ही दोन तुकड्यांत केला, साडेचार-साडेचार फुटांचा, मध्ये जोड देऊन. समाजमंदिराचं दार लहान, पंख बाहेर कसा निघणार, ही भीती. इंजिनं बसवली, रात्री घरी गेलो, तिसऱ्या दिवशी दोन्ही टोकं चार-चार बोटं खाली. पावसाच्या दिवसात पुठ्ठा ओल धरतो, त्यात जोड नेमका मधोमध, जिथे सगळा भार येतो. सतरा दिवसांचं काम फाडून काढावं लागलं. दोघी रडल्या, एक भांडून घरी गेली आणि दोन दिवस आली नाही.

टोपल्या विणणाऱ्या एका बुरूड आजींनी वाट दाखवली. बांबूची पट्टी आडवी धरली तर वाकते, तीच उभी धरली तर वाकत नाही. स्वयंपाकघरातली लाकडी पट्टी हातात घेऊन बघा, लगेच पटेल. नऊ फुटांच्या दोन अखंड पट्ट्या उभ्या धरून बसवल्या, मध्ये ठोकळे, वर सुतळीची घट्ट वीण. लिबरेटरचा पंख धडाच्या वरच्या अंगाला असतो, म्हणून आमचा पंख खोगिरासारखा वरून ठेवून बोल्टने आवळता आला. दारातून तो तिरका करून निघाला. जी भीती होती ती भीतीच नव्हती, दार एकदा मोजलं असतं तर कळलं असतं.

दुसरी अडचण कामाची नव्हती. मंडळाला खालून बॉम्ब पडताना हवे होते, लाल दिवे लावून. आमच्या वरणगावला, भुसावळला आयुध निर्माणी आहे, गटातल्या दोघींच्या घरची माणसं तिथे नोकरीला आहेत. दारूगोळ्याचं आम्हाला नवल नाही, तो देशाला लागतो हेही कळतं. पण एक जण म्हणाली, खाली ज्यांच्या घरावर पडतो तिथेही चूल असते, मी माझ्या हाताने तो करणार नाही. दुसरी म्हणाली, गिऱ्हाईक मागतं ते द्यावं, आपण काय सरकार आहोत? दोन तास वाद झाला. शेवटी ठरलं, विमान पुण्याचं करायचं, समुद्रावर पहारा देणारं. या विमानाची पोटाची दारं दुकानाच्या शटरसारखी बाजूने वर सरकतात. ती आम्ही केली, उघडतातही, पण आत रिकामं. शेपटीवर आणि धडावर आपल्या हवाई दलाच्या खुणा काढल्या. गोल चिन्ह बाहेर केशरी, मग पांढरं, मधोमध हिरवं. पहिल्यांदा आम्ही ते उलटं रंगवलं होतं, तेही आबांनीच पकडलं.

मंडळाने बॉम्ब नाहीत म्हणून दोन हजार कापले. आमच्यातल्या सगळ्यांनाच तो सौदा पटला असं नाही, आजही पटलेला नाही.

आता पैशाचं सगळं उघड सांगतो, कारण ऐकणाऱ्या गटांना त्याचाच उपयोग. मंडळाने उचल दिली दोन हजार. सामानासाठी आम्ही गटाच्या बचतीतून तीन हजार घेतले, शेकडा दोन व्याजाने. पण त्याच तीन हजारांसाठी आमच्यातल्या एकीचा अर्ज आधी आलेला होता, मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी. ती म्हणाली, घ्या तुम्ही, मी महिनाभर थांबते. मंडळाने बाकी पैसे दिले ते थेट घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. दरम्यान कॉलेजची मुदत आली आणि तिने गावात शेकडा पाचने पैसे उचलले. आम्हाला सांगितलंही नाही. नंतर कळलं तेव्हा मासिक बैठकीत कुणाला वर बघवेना.

आलेले एकूण तेरा हजार. सामान चार हजार तीनशे तीस. गटाचं दोन महिन्यांचं व्याज एकशेवीस. त्या मैत्रिणीने बाहेर जास्तीचं भरलेलं व्याज एकशेऐंशी, ते आम्ही कमाईतून तिला दिलं. उरले आठ हजार तीनशे सत्तर, नऊ जणींना नऊशे तीस प्रत्येकी. सव्वीस संध्याकाळी काम केलं. म्हणजे दिवसाला पस्तीस-छत्तीस रुपये. नुसती मजुरी बघायची तर निंदणीला गेलेलं परवडतं. तेव्हा असं काम घ्याल तर निम्मी उचल आधी घ्या, बाकीची तारीख कागदावर लिहून घ्या, आणि कुणाचा अर्ज आधी आला आहे ते नोंदवहीत बघून मगच बचतीला हात लावा. आम्ही हे तिन्ही केलं नाही.

घरोघरी विचारलं जायचं, बायकांना विमानाचं काय कळतं? तेव्हा आम्ही अमोल यादवांचं सांगायचो. मुंबईत कांदिवलीच्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर या माणसाने सहा माणसांचं खरं विमान बांधलं. २०१६ साली ते मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, आणि २०२० साली त्याच्या उड्डाणाच्या चाचण्या झाल्या त्या आपल्या खान्देशात, धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर. परवानग्यांसाठी त्यांना किती वर्षं हेलपाटे घालावे लागले ते वाचलं की आमचे सव्वीस दिवस काहीच नाहीत. आमचं तर उडणारही नव्हतं.

विमान चतुर्थीच्या आदल्या रात्री छोट्या टेम्पोतून नेलं. मंडपात चाकांवर ठेवलं आणि ते शेपटीवर बसलं. नाक वर, शेपूट जमिनीला. पोरं हसायला लागली, आमचे चेहरे उतरले. नाकात एक किलो वाळूची पिशवी भरली, तरी ते जरा धक्का लागला की बसायचं. आबा खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, "खऱ्यालाही आम्ही शेपटाखाली टेकू लावायचो. मागे चार माणसं चढली की हे बसायचंच."

विसर्जनानंतर मंडळाने विमान एका हायस्कूलला दिलं. तिथे ते सभागृहात टेबलावर आहे, शेपटीखाली बांबूचा टेकू आहे, आणि डाव्या बाजूचा एक पंखा फिरत नाही. वायरमन पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला आहे.