तू काय करशील?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी चहाच्या पातेल्याजवळ असते. यंदा चिटणीसबाईंनी मला उचलून इकडे उभे केले आणि पातेल्याजवळ दुसरीला बसवले. तेव्हा आज चहात साखर कमी पडली तर दोष माझा नव्हे. भाषणाची मला सवय नाही. शिक्षण म्हणाल तर सातवी. म्हणून समाजसुधारणा, स्त्रीजीवन असले मोठे विषय मी घेतलेले नाहीत. गेल्या उन्हाळ्यात एक पुस्तक माझ्या हाती आले, त्याची हकीकत तेवढी सांगते.

माझा भाचा पुण्याला असतो. सुटीत आला होता, तो जाताना एक जुने इंग्रजी पुस्तक आमच्याकडे विसरून गेला. आमच्या थोरलीची बारावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. मी अंगणात कुरडयांचा चीक घेऊन बसले होते. ती पुस्तक चाळता चाळता म्हणाली, "आई, हे पुस्तक सरळ वाचायचंच नाही म्हणे. थोडं वाचायचं, मग ते आपल्यालाच विचारतं की आता तू काय करशील? डावीकडे जायचं तर अमुक आकड्यावर जा, उजवीकडे जायचं तर तमुक आकड्यावर."

मी म्हटले, "मग वाच की. तू वाच, मी सांगते कुठं जायचं ते."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमचा तो परिपाठच झाला. पुस्तक स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टोन या दोन इंग्रज लेखकांचे, १९८२ सालचे. एका डोंगराच्या पोटात जादूगार राहतो, त्याचा खजिना आणायचा, एवढीच गोष्ट. पण ती चारशे तुकड्यांत कापलेली. पहिल्या तुकड्यानंतर दुसरा येईल असे नाही. तिथून कुठे जायचे ते आपण ठरवायचे. भुयारात शिरल्याबरोबर फाटा लागतो. एक वाट पूर्वेला, एक पश्चिमेला. माझे सारे आयुष्य देवगाव फाट्यावर गेले. सेलूची गाडी कोणती, जिंतूरची कोणती आणि मंठ्याची कोणती हे मला आवाजावरून कळते. म्हटले, हे पुस्तक आपल्यासाठीच आहे.

वाचताना एक मौज झाली. लेक इंग्रजीतले मराठी करून सांगायची. म्हणाली, "तू दार उघडलंस आणि आत शिरलास." मी म्हटले, "शिरलास कुणाला म्हणतेस? जातेय तर मी." ती हसली आणि म्हणाली, "इंग्रजीत बाई की बुवा हे कळतच नाही आई. नुसतं तू आहे." मग पुन्हा वाचले, "तू आत शिरलीस." अगं बाई, त्या एका अक्षराने अंगावर काटा आला. हातात तलवार घेऊन भुयारात मी शिरले होते! कहाण्यांत राजपुत्रच निघायचा, आणि आपण त्याला भाकरी बांधून द्यायची.

भाकरीवरून आठवले. या पुस्तकात निघताना दहा वेळची शिदोरी बरोबर असते. लढाईत ताकद कमी झाली की एक जेवण जेवायचे, ताकद चारने वाढते. ती शिदोरी कुणी रांधली, कुणी बांधली, याचा मात्र कुठे पत्ता नाही. मी लेकीला दोनदा शोधायला लावले.

खेळाची रीत अवघड नाही. दोन फासे, पेन्सिल आणि खोडरबर. सुरुवातीला एक फासा टाकून त्यात सहा मिळवायचे, ते आपले कौशल्य. दोन फासे टाकून बारा मिळवायचे, ती ताकद. पुन्हा एक फासा आणि सहा, ते नशीब. वाटेत ठिकठिकाणी नशीब आजमावावे लागते. दोन फाशांचा आकडा नशिबाइतका किंवा कमी आला तर तरलात. पण आजमावले की, तरलात किंवा बुडालात तरी, नशीब एकाने कमी होते. हा नियम मला फार पटला. मटक्याचा आकडा लावणाऱ्या आपल्या पुरुषमंडळींना तो कुणीतरी वाचून दाखवावा.

दुसरा एक नियम असा, की खजिन्याच्या पेटीला किल्ल्या लागतात आणि त्या वाटेतल्या खोल्यांतून गोळा करायच्या असतात. किल्ल्यांवर आकडे असतात. बरोबर किल्ल्यांच्या आकड्यांची बेरीज केली की पुढचा तुकडा सापडतो. मी पहिल्यांदा गेले ती आपल्या सवयीने. कुणाचे दार उघडायचे नाही, कुणाच्या भानगडीत पडायचे नाही, खाली मान घालून सरळ चालायचे. पेटीपर्यंत पोचले आणि हातात एकही किल्ली नाही! लेक म्हणाली, "संपलं आई. पुन्हा पहिल्यापासून." पुढल्या खेपेला मी दिसेल ते दार उघडले. तीनदा मेले, पण किल्ल्या मिळाल्या.

एक चोरीही कबूल करते. वाट निवडताना मी मागच्या पानात बोट घालून ठेवी, म्हणजे पुढे राक्षस निघाला तर परत यायला बरे. एकदा तर चारी बोटे चार पानांत होती. लेक म्हणे, "ही लबाडी आहे." मी म्हणे, "ही काटकसर आहे."

अशी पुस्तके निघाली कशी, ते तिने मोबाइलवर शोधून मला वाचून दाखवले. अमेरिकेत एडवर्ड पॅकर्ड नावाचे वकील होते. रात्री आपल्या दोन मुलींना गोष्ट सांगायचे. १९६९ च्या सुमाराला एका रात्री त्यांना पुढचे काही सुचेना, तेव्हा त्यांनी मुलींनाच विचारले, तुम्ही तिथे असता तर काय केले असते? एकीने एक सांगितले, दुसरीने दुसरे. बापाने कुणालाही चूक म्हटले नाही. दोन्ही वाटांनी गोष्ट पुढे नेली. त्याचे पुस्तक छापायला बरीच वर्षे कुणी तयार होईना. शेवटी १९७६ साली ते निघाले. १९७९ मध्ये त्यांचे 'काळाची गुहा' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक आले, त्याला चाळीस शेवट होते. त्या मालिकेच्या पुढे कोट्यवधी प्रती खपल्या. सारे कशातून निघाले, तर बापाने लेकींना एक प्रश्न विचारला त्यातून.

आपल्याकडे असे काही नव्हते असे मात्र नाही. मोक्षपट आपलाच. परंपरा तो ज्ञानेश्वर माउलींच्या नावाशी जोडते. सद्गुणाच्या शिडीने वर चढायचे, दुर्गुणाच्या सापाने खाली यायचे. पण तिथे कवड्या पडतील तसे जायचे, आपल्याला कुणी विचारत नाही. वेताळपंचविशीत मात्र प्रश्न आहे. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी वेताळ विक्रमाला विचारतो, आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील म्हणून धमकावतो. आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिथे थांबायची आणि आम्हा पोरींनाही विचारायची. आम्ही भांडून भांडून उत्तरे द्यायचो. उत्तर काहीही दिले तरी वेताळ झाडावर जायचाच, हा भाग वेगळा. आणि राजपुत्राला म्हातारी सांगते ना, तीन दिशांना जा, चौथीला जाऊ नकोस? तो चौथीलाच जातो. आम्हाला चारही दिशा बंद होत्या, म्हणून त्याच्या चौथ्या दिशेचे केवढे अप्रूप वाटायचे!

आता जे सांगणार आहे ते लेकीला विचारून सांगते आहे.

त्याच दिवसांत तिला एक स्थळ आले होते. माणसे चांगली, थोडी बागायत, हुंड्याची भाषा नाही. मुलीला अठरा पूर्ण झाली होती. घरात बोलणे दोनच गोष्टींचे चाललेले. तिचे वडील म्हणत, असे स्थळ पुन्हा यायचे नाही, कापसाला भाव नाही, पुढच्या वर्षी आपली ऐपत काय राहील कोण जाणे. माझे भाऊ म्हणत, तिला नर्सिंगला घाला, हातात नोकरी येईल. दोघांचेही खोटे नव्हते. मी दोघांना चहा करून देत होते.

एका संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे बसलो. भुयारात कुठलेसे दार होते. लेकीने वाचले, "तू काय करशील?" आणि माझ्या तोंडाकडे पाहत थांबली. माझ्या मनात आले, महिना झाला, ही पोर रोज मला हा प्रश्न विचारते आहे आणि मी तिला एकदाही विचारलेला नाही. मला सातवीतून काढले तेव्हा मलाही कुणी विचारले नव्हते. पुढची शाळा लांब होती, घरात धाकटी भावंडे होती. त्या सकाळी दप्तर खुंटीला लागले, ते लागले. आईबापाला मी दोष देत नाही. त्यांनाही कुणी विचारले नसेल.

मी पुस्तक मिटले आणि म्हटले, "तू काय करशील?"

तिला आधी खेळातलेच वाटले. मग कळले. बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "कुणी विचारलंच नव्हतं आई, म्हणून मी विचारच केला नव्हता."

बायांनो, हे वाक्य मला फार लागले. मला वाटत होते, तिच्या मनात काहीतरी आहे आणि ती सांगत नाही. मनात काही उगवायला तरी कुणी जागा ठेवावी लागते ना?

दोन दिवस तिने घेतले. तिसऱ्या दिवशी वडिलांसमोर म्हणाली, "मला नर्सिंग नको, रक्त बघितलं की भोवळ येते. लग्नही आत्ता नको. सेलूच्या कॉलेजात बी. एस्सी. करते, रोज गाडीनं जाईन-येईन." आम्ही ज्या दोन वाटा धरून बसलो होतो, त्यांतली एकही नाही! वडील चार दिवस नीट जेवले नाहीत. स्थळाला आम्ही तीन वर्षे थांबाल का म्हणून विचारले. ते थांबले नाहीत, आणि त्यांनी तरी का थांबावे? नात्यातली माणसे अजून मला बोल लावतात. बरोबर केले की चूक, ते मला आज सांगता येत नाही. इथे मागच्या पानात बोट घालून ठेवता येत नाही. तिची गाडी संध्याकाळी उशिरा आली की माझा जीव वरखाली होतो. पण ती उतरते, आणि घरी येऊन आधी जेवायला मागते.

आता थोडे मंडळाबद्दल. श्रावणात आपण चिठ्ठ्यांचा खेळ केला तो आठवत असेलच. गोष्ट आपणच रचली. रात्री फाट्यावर वेळापत्रकात नसलेली एक गाडी येते आणि चालक विचारतो, येणार का? चोवीस चिठ्ठ्या, प्रत्येकीवर आकडा, शेवटी दोन वाटा. सतरा नंबरची चिठ्ठी वाऱ्याने उडाली आणि एक काकू खेळ संपेपर्यंत जंगलातच राहिल्या! पण माझ्या ध्यानात राहिले ते दुसरेच. "येणार का?" असे विचारल्यावर बहुतेक जणींचा पहिला प्रश्न होता, "घरी स्वयंपाक झालाय का?" एक मावशी तर भाकऱ्या झाकल्याशिवाय गाडीत पाय ठेवीनात. आपण सगळ्या पोट धरून हसलो. मग मावशीच म्हणाल्या, "पुन्हा विचार गं. या खेपेला बसते."

तेव्हा माझे एवढेच मागणे आहे. आज घरी गेल्यावर एका माणसाला हा प्रश्न विचारा. लेकीला विचारा, सुनेला विचारा, सासूलाही विचारा. आणि विचारल्यावर उत्तरासाठी दोन दिवस थांबा. चीक शिजायलाही वेळ लागतोच की.

ती हरवलेली चिठ्ठी मी पुन्हा लिहून आणली आहे. चहा झाल्यावर ताट फिरेल. काकूंना जंगलातून बाहेर काढायचे आहे.